अंगणातलं तयार तळं : खरं काम जमिनीखाली

शहराबाहेरच्या मोठ्या रोपवाटिकांमध्ये हल्ली कुंड्यांच्या रांगांशेजारी काळे किंवा गडद हिरवे मोठाले टब भिंतीला टेकवून ठेवलेले दिसतात. कुणी लंबगोल, कुणी मुद्दाम वेडावाकडा घडवलेला. आत एखाद-दोन पायऱ्या आणि काठाला बाहेर वळवलेली पट्टी. ही घरच्या बागेसाठीची तयार तळी. फायबरची किंवा जाड एचडीपीई प्लास्टिकची, साधारण 200 लिटरपासून 1000 लिटरपर्यंतची. सिमेंटचा हौद बांधला की काही वर्षांत कुठेतरी बारीक तडा जातो आणि पाणी झिरपायला लागतं. शेततळ्यात अंथरतात तो 500 मायक्रॉनचा कागद अंगणात वापरावा, तर घूस त्याला कधी भोक पाडेल सांगता येत नाही. त्यामानाने तयार टब सोपा वाटतो आणि विकणाराही तसंच सांगतो: खड्डा काढा, टब ठेवा, पाणी भरा.

तळं किती वर्षं टिकणार हे यातल्या पहिल्या दोन कामांतच ठरतं. लोक पैसा आणि हौस खर्च करतात ती कारंज्यावर, दिव्यांवर, रंगीत माशांवर. खड्ड्याचं काम मात्र रोजंदारीवरच्या माणसाला ‘एवढा एवढा खण’ असं सांगून उरकलं जातं. मग दोन पावसाळ्यांत टब एका बाजूला कलतो, काठ फुगतो, नाहीतर बुडाला चीर जाते, आणि बोल टबाला लागतो. तळं बिघडतं ते बहुतेक वेळा खालून बिघडतं, हे मी ठामपणे सांगेन. म्हणून या लेखातला मोठा भाग खड्ड्याचाच आहे.

पाण्याचं वजन हा पहिला हिशेब. 500 लिटरचं तळं म्हणजे 500 किलो पाणी, वर दगड आणि मातीने भरलेल्या कुंड्या. 45 सेंटिमीटर खोल पाण्याचा बुडावर दर चौरस मीटरला 450 किलो भार पडतो. टबाची भिंत असते जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. पाणी धरून ठेवणं एवढंच तिचं काम. भार पेलते ती खालची आणि बाजूची जमीन. आतून पाणी बाहेर रेटतं, बाहेर ठासलेली वाळू ते रेटणं झेलते आणि मधली पातळ भिंत सुखरूप राहते. बाहेर पोकळी राहिली की तिथे भिंत फुगते. बुडाखाली एखादा दगड वर आलेला असेल तर आजूबाजूचा सगळा भार त्या एका टोकावर येतो आणि फायबरला तिथूनच बारीक चिरा पडायला लागतात.

दुसरा हिशेब उलट्या दिशेचा. आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे तो विसरून चालत नाही. श्रावणात जमीन पाण्याने तुडुंब होते, खड्ड्याभोवतीच्या वाळूत पाणी उभं राहतं. अशा वेळी कुणी स्वच्छतेच्या नावाखाली तळं रिकामं केलं, तर टब होडीसारखा वर येतो. बुडाचं क्षेत्रफळ 1 चौरस मीटर असेल आणि बाहेर फक्त 10 सेंटिमीटर पाणी चढलेलं असेल, तरी टबाला वर ढकलणारा जोर 100 किलोचा असतो, आणि रिकाम्या टबाचं वजन त्याच्यापुढे काहीच नाही. एकदा टब उचलला गेला की खालची वाळू सरकते, गाळ आत शिरतो आणि तो पुन्हा जागेवर नीट बसत नाही. म्हणून पावसाळ्यात तळं कधीही पूर्ण उपसू नये. आत पाणी भरलेलं असलं की बाहेरचं पाणी त्याचं काही बिघडवू शकत नाही.

आता माती. देशावरच्या बऱ्याच भागांत घराखालची जमीन काळी असते आणि तयार तळ्याची खरी परीक्षा तीच घेते. या मातीत मोंटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. म्हणून तर उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दमदार पावसानंतर त्या मिटतात. वैशाखात, माती पूर्ण आकसलेली असताना खड्डा काढून टब घट्ट बसवला, तर आषाढात तीच माती फुगून चारही बाजूंनी टब दाबते. यावर उपाय बांधकामवाल्यांना ठाऊक आहे: काळी माती खोलवर काढून टाकायची आणि तिथे मुरूम भरायचा. टबाच्या मापापेक्षा खड्डा चारही बाजूंनी वीतभर रुंद आणि निदान 20-30 सेंटिमीटर जास्त खोल घ्यायचा, मुरमाचे पातळ थर टाकायचे, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करायची. काम कंटाळवाणं आहे, पण काळ्या जमिनीत त्याला पर्याय नाही.

कोकणात आणि गोव्यात जांभा लागतो. तो फुगत नाही आणि पाणी झिरपू देतो, त्यामुळे टब दाबला जाण्याची भीती कमी. तिथे अडचण वेगळी. जांभा पहारीने फोडला की त्याचे कंगोरे धारदार राहतात आणि टबाला टोचतात. ते तासून घ्यावेत आणि वाळूचा थर जरा जाड ठेवावा. ज्यांच्या आवारात मूळचाच घट्ट मुरूम आहे ते सगळ्यांत भाग्यवान. त्यांना खणायला त्रास पडतो, पुढे काही नाही.

काम काढण्याची वेळही यावरूनच ठरते. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचा काळ मला सगळ्यांत योग्य वाटतो. माती फुगलेली नसते आणि पूर्ण आकसलेलीही नसते, कुदळ सहज चालते, भूजल उतरायला लागलेलं असतं. शिवाय उन्हाळा येईपर्यंत वनस्पतींना मूळ धरायला दोन-तीन महिने मिळतात.

जागा निवडताना दोन-चार गोष्टी बघाव्यात. कुमुदाला म्हणजे वॉटर लिलीला फुलायला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, तेव्हा तळं झाडाखाली नको. चिंच, सुबाभूळ, गुलमोहोर यांची बारीक पानं जाळीतूनही खाली जातात, तळाशी कुजतात आणि पाणी काळं करतात. विदर्भ-मराठवाड्यात मात्र दुपारनंतरचं ऊन अडवणारी भिंत किंवा जाळी पश्चिमेला असलेली बरी. 44-45 अंशांच्या उन्हात उथळ पाणी फार तापतं. सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर आणि नळाची लाइन कुठून गेली आहे हे आधी विचारून घ्यावं. गच्चीवर किंवा बाल्कनीत टब ठेवण्याचा विचार कुणी करत असेल तर वरचा 450 किलोचा आकडा आठवावा. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून आखलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे धाडस करू नये.

आखणीत एक चूक हमखास होते. वेड्यावाकड्या आकाराचा टब लोक जमिनीवर पालथा घालतात आणि त्याच्या कडेने रेघ मारतात. त्याने आकार आरशात दिसल्यासारखा उलटा येतो आणि खणून झाल्यावर टब बसत नाही. टब सुलटाच ठेवावा, खाली विटांचा आधार द्यावा, काठावरून जागोजागी ओळंबा सोडावा आणि ओळंबा टेकेल तिथे चुन्याची फक्की टाकत जावी. मग त्या रेघेबाहेर वीतभर जागा सोडून दुसरी रेघ. खणायचं ते दुसऱ्या रेघेवर. आधी पहिल्या पायरीच्या खोलीपर्यंत सगळा खड्डा घ्यायचा, तिथे टबाच्या खोल भागाचं माप आखायचं आणि मग तेवढाच भाग पुढे खणायचा. दगड, मुळं, विटांचे तुकडे वेचून काढावेत. तळ धुमसून झाला की त्यावर 5 सेंटिमीटर वाळू.

वाळू कुठली, हाही विचार व्हावा. नदीच्या वाळूचा उपसा आपल्या नद्यांना किती महागात पडतो आहे ते आपण बघतोच. घरच्या हौसेसाठी ती आणू नये. क्रश सँड चाळून घेतली तर इथे उत्तम चालते. त्यात खडी राहता कामा नये एवढंच.

वाळूवर टब ठेवला की पाण्याची पातळी तपासायची. इथे घाई करू नये, कारण पाणी खोटं बोलत नाही. दीड मीटर लांबीचा टब एका अंशाने जरी कलला, तरी दोन टोकांत अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. एका बाजूला पाणी काठाला लागतं, दुसऱ्या बाजूला टबाची उघडी भिंत दिसत राहते, आणि तळं भरल्यावर हे दुरुस्त करायचं तर पुन्हा सगळं उपसावं लागतं. काठावर आडवी सरळ फळी टाकून तिच्यावर स्पिरिट लेव्हल ठेवावी. लांबीला, रुंदीला आणि तिरपी, अशी तीनदा. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल ट्यूब असेल तर त्याहून बरं. फरक दिसला तर टब उचलून वाळू कमी-जास्त करावी. एका बाजूला चिप ठोकून भागवू नये. ती चिप म्हणजे मघाशी सांगितलेला बुडाखालचा दगडच.

यानंतरचं काम मात्र स्वतः बसून करावं. टबात 10 सेंटिमीटर पाणी सोडायचं आणि नळ बंद करायचा. मग बाहेरच्या फटीत चहूबाजूंनी तेवढ्याच उंचीपर्यंत वाळू ओतायची, बोथट काठीने ती ठासायची, वरून झारीने पाणी शिंपडायचं. ओली झाली की वाळू बसते, बोटभर खाली जाते. तिथे पुन्हा भर घालायची. मग पुन्हा 10 सेंटिमीटर पाणी, पुन्हा वाळू. आतलं पाणी आणि बाहेरची वाळू अशी जोडीने वर चढली पाहिजे. आधी सगळं पाणी भरलं तर भिंती बाहेर फुगतात, आधी सगळी वाळू भरली तर आत दबतात. सगळ्यांत फसवी जागा म्हणजे पायरीच्या खालचा कोपरा. वरून वाळू टाकली तरी ती तिथे आपोआप जात नाही, हाताने कोंबावी लागते. ती गेली की नाही हे कळण्याची खूण सोपी आहे: पायरीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचं. भरीव जागी आवाज मंद, बसका येतो. पोकळी असेल तर डब्यासारखा घुमतो. घुमला तर तिथली वाळू पुन्हा उकरून भरायची. प्रत्येक टप्प्याला लेव्हल बघायची, कारण ठासताना टब हलतो.

टबाचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा 3 ते 5 सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. थेट आकाशातून पडणाऱ्या पावसाचं काही वाटत नाही: दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला तरी दीड चौरस मीटरच्या तळ्यात 150 लिटरच भर पडते. पण तोच पाऊस 50 चौरस मीटरच्या अंगणावर पडला तर 5000 लिटर पाणी वाहतं, आणि तळं सखल जागी असेल तर माती, खत, फवारलेलं औषध असं सगळं घेऊन ते आत शिरतं. काठाच्या थोडं खाली एक ओव्हरफ्लो पाइप काढून तो उताराकडे न्यावा, तोंडाला जाळी बसवावी म्हणजे मासे वाहून जाणार नाहीत. काठ झाकायला शहाबादी फरशी किंवा काळ्या दगडाचे सपाट तुकडे बरे दिसतात. ते तळ्यावर 3-4 सेंटिमीटर पुढे आले की टबाची कड उन्हापासूनही वाचते. त्यांचं वजन मात्र टबाच्या पट्टीवर नको, बाहेरच्या काँक्रीटच्या पट्ट्यावर हवं. नव्या सिमेंटचा क्षार पाण्यात उतरतो, म्हणून सांधे वाळले की घासून धुवून घ्यावेत आणि पहिलं पाणी बदलावं.

इथपर्यंत आलं की अवघड भाग संपला. आता फक्त थांबायचं असतं, आणि नेमकं तेच लोकांना जमत नाही.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या पाण्यातून एक-दोन दिवसांत उडून जातो. पण माशांना सोसेल असं पाणी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो आणि तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट वनस्पती खतासारखं शोषून घेतात. हे जिवाणू टबाच्या भिंतींवर, दगडांवर, मुळांवर हळूहळू वस्ती करतात. ती होण्याआधी मासे सोडले की आठवड्याभरात ते पाण्यावर तरंगतात. याच काळात बहुधा पाणी हिरवंगार होतं. त्याने घाबरून तळं उपसू नये. ताज्या पाण्याने शेवाळाला नवं खाद्यच मिळतं. पानांनी निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकला की ऊन तुटतं आणि हिरवेपणा आपसूक ओसरतो.

वनस्पतींमध्ये वॉटर लिली पहिली पसंती असावी. पान पाण्यावर टेकलेलं आणि देठापर्यंत चिरलेलं असतं ती लिली. पान अखंड गोल आणि पाण्याच्या वर उभं राहतं ते कमळ. कमळाचे कंद पसरत जातात आणि 500 लिटरच्या टबात ते बाकी कशालाच जागा ठेवत नाहीत. तिथे लिलीच बरी. गंमत अशी, की टबाभोवती नको असलेली काळी माती लिलीच्या कुंडीत मात्र अगदी हवी. शेणखत न घालता नुसती चिकण माती भरावी, वरून खडीचा थर द्यावा, आणि कुंडी आधी विटांवर उथळ ठेवून पानं वाढतील तशी खाली उतरवावी. पायऱ्यांवर वेखंड, ब्राह्मी, अळू मजेत वाढतात. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने पवना आणि मुळेचं काय केलं आहे ते पुणेकर दरवर्षी बघतात. तळ्यातून काढलेला कोणताही जादा पाला ओढ्यात न टाकता कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा.

डासांची काळजी रास्त आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी राहूनही काही महिने टिकतात. पातळी उतरलेलं तळं पुन्हा भरलं की ती उबतात. पण मासे असलेल्या तळ्यात अळी मोठी होत नाही. गप्पी मासे अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळतात. 500 लिटरला दहा-बारा पुरेत, पुढे त्यांची संख्या तेच वाढवतात. गंबुशिया मासा टाळावा, जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. कोई माशांना काही हजार लिटर पाणी लागतं, त्यांना टबात कोंडू नये. आणि जादा झालेले मासे, कुठलेही असोत, नदीत सोडू नयेत.

वर्षभरात चतुर आणि टाचण्या येतात. त्यांची पाण्यात वाढणारी पिल्लंही डासांच्या अळ्या खातात. बेडूक येतात, त्यांच्या मागे एखादा दिवडही येतो. तो बिनविषारी आहे, त्याला मारू नये. टबाच्या भिंती गुळगुळीत असतात, पाण्यात पडलेली खार किंवा पाल वर चढू शकत नाही. म्हणून एका कडेला दगडांची उतरती चढण करून द्यावी.

घरात लहान मूल असेल तर पाण्याखाली दोन बोटांवर, माणसाचं वजन पेलणारी गजांची जाळी बसवावीच. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं. पंप लावायचा असेल तर त्याच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवी आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायला हवा. गणपतीत घरच्या तळ्यात विसर्जन करण्याचा मोह होतो. शाडूची मूर्ती असली तरी रंग आणि गाळ माशांना मारतो. त्यासाठी वेगळी बादली घ्यावी. मे महिन्यात पठारावर उघड्या पाण्याची पातळी दिवसाला 8 ते 10 मिलिमीटर उतरू शकते, म्हणजे दीड चौरस मीटरच्या तळ्याला रोज बादलीभर पाणी लागतं. ज्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे हे पाणी कुठून आणणार याचं उत्तर आधी शोधावं. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर सर्वांत छान.

टब विकत घेण्याआधी एक पावसाळा हाताशी असेल तर ठरवलेल्या जागी जुलैत हातभर खोल खड्डा काढा, त्यावर पत्रा झाका आणि ऑगस्टपर्यंत अधूनमधून आत डोकावून बघा. बाजूंनी झिरपून पाणी उभं राहत असेल तर तिथे टब पूर्ण पुरू नका. निम्मा जमिनीवर ठेवून भोवती विटांची भिंत बांधा आणि मधली जागा वाळूने ठासा. खड्डा कोरडा राहिला तर दिवाळीनंतर खुशाल कुदळ मारा.